भिंतीवरचे माळरान

वन्यजीव छायाचित्रणावरच चरितार्थ चालवायचा असे मी ठरवले, तेव्हा ताडोबा, वाघ आणि मोठी लेन्स यांपलीकडे मला फारसे काही दिसत नव्हते. कलात्मक छायाचित्राची वाट मला पुणे जिल्ह्यातच, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात, जेमतेम 5 चौरस किलोमीटरच्या गवताळ माळावर सापडली. हिवाळ्यातल्या एका पहाटे धुक्यात चिंकारा उभा होता. चौकटीत तो अगदी लहान आला, शिंगांची आणि कानांची रेघ तेवढी स्पष्ट, आणि उरलेले सारे गवत व उजेड. प्राणी कोणता हे सांगणाऱ्या चित्रापेक्षा तो कसल्या भूमीवर जगतो हे जाणवून देणारे चित्र मला अधिक खरे वाटते.

त्यानंतरचे काम खोलीत बसून करायचे असते, आणि तेच मला सर्वांत प्रिय आहे. सुती तंतूंच्या आम्लरहित कागदावर धुक्याच्या करड्या छटा उमटवण्यासाठी कित्येक चाचणी प्रती काढाव्या लागतात. एका छायाचित्राच्या ठरावीकच प्रती काढून प्रत्येकीवर क्रमांक व सही करायची आणि तो आकडा पुढे कधीही वाढवायचा नाही, कारण चित्र घेणाऱ्याचा विश्वास त्यावरच उभा असतो.

विक्री अनियमित असल्याने मी कार्यशाळाही घेते. भिगवणला, उजनी धरणाच्या जलाशयात, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडावेत म्हणून होडी थव्यात घालायला सांगणाऱ्यांना मी तिथेच थांबवते. चरणारे पक्षी उठवून मिळवलेले चित्र मी भिंतीवर लावणार नाही.