घारापुरीला जाऊन लेणी न बघणारी बाई

भाच्याची दहावी संपली तशी नणंद पोरांना घेऊन नागपूरहून आली, धाकट्याची शाळा चक्क बुडवून. मुंबईला आलेल्या पाहुण्यांना दाखवायच्या गोष्टी ठरलेल्या असतात, त्यामुळे एलिफंटा आलंच. मी आत्तापर्यंत सहा वेळा तरी गेलेय, दर वेळी कुणाची ना कुणाची पाहुणेमंडळी सोबत, आणि दर वेळी त्या शंभर-सव्वाशे पायऱ्या. यंदा गुडघा म्हणाला, बाई गं, बास. म्हटलं तुम्ही जाऊन या वर, मी खाली जेट्टीपाशी बसते.

तर ही त्या तीन तासांची गोष्ट. गोष्ट तरी कसली, मी नुसती बसले होते.

पण आधी लाँच. गेटवेवरून साधारण तासभर लागतो आणि निम्मा रस्ता लाँचमागे कुरव असतात. सीगल हो. कुरव म्हटलं की लोक मख्ख बघतात म्हणून सांगितलं. गाठ्यांची पाकिटं फुटतात, पोरं हात वर करतात, आणि ते पक्षी वाऱ्यावर तरंगत अलगद टिपतात. मीही घातलेत पूर्वी, खोटं का बोला. हल्ली नाही घालत, ते तेल आणि तिखटमीठ माणसालाच झेपत नाही तिथे पाखराचं काय. धाकट्याला मात्र कोण सांगणार, त्याने एक अख्खं पाकीट संपवलं.

त्यात एक गोष्ट मला पहिल्यांदाच दिसली, आणि इतक्या वर्षांत कशी नाही दिसली म्हणून स्वतःचाच राग आला. डिसेंबरात हे पक्षी बघितले की डोकं पांढरं, फक्त डोळ्यामागे एक काळपट ठिपका, अगदी बाळाला काजळाची तीट लावतात तसा. आता मात्र प्रत्येकाची वेगळीच तऱ्हा. एकाचं डोकं पूर्ण चॉकलेटी, दुसऱ्याचं नुकतं कुठे मळायला लागलेलं, तिसऱ्याचं कपाळ पांढरं आणि मागचा भाग तपकिरी, मेंदी अर्धवट लावून कुणी हाक मारली म्हणून उठून आलेल्या बाईसारखा. ही त्यांची विणीच्या हंगामातली पिसं. यातले ‘तपकिरी डोक्याचा कुरव’ या जातीचे पक्षी उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांवर जाऊन अंडी घालतात. म्हणजे आपण ज्याला मुंबईचा समुद्रपक्षी म्हणून गाठ्या चारतो तो जन्माने पहाडी, समुद्रापासून लांब, चार हजार मीटरवरचा. इथे फक्त थंडी काढायला येतो. आपल्याकडे लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात, हे जरा आणखी वर.

बरं, जेट्टी. ओहोटी लागली होती. मंडळी त्या छोट्या झुकझुक गाडीत बसून पायऱ्यांकडे गेली आणि मी सावली शोधून टेकले. समोर तिवरांच्या मुळ्या उघड्या पडलेल्या आणि नुसता चिखल. पहिली दहा मिनिटं चिखलच दिसला. मग चिखल हलायला लागला.

निवट्या! बाजारात टोपलीत बघितलेल्या, माझी शेजारीण त्यांचं कालवण असं करते की काय सांगू, पण जिवंत, आपल्या घरी, आपल्या मर्जीने फिरताना कधी बघितल्याच नव्हत्या. मासा असून पाण्याबाहेर आरामात, डोळे डोक्यावर बसवलेले, पुढच्या परांवर कुबड्या टेकल्यासारखं सरकत चाललेल्या. गालात पाणी धरून ठेवतात आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतात, म्हणून जमतं. मधेच एखादी टुणकन हवेत उडी मारते, ते नराचं मादीला दाखवणं असतं म्हणे. शेजारीच खेकडे, बारकेसे, एक नांगी भलीमोठी आणि दुसरी नावापुरती. ते सगळे एका सुरात मोठी नांगी वरखाली करत होते, जणू सगळे मिळून रिक्षा थांबवतायत आणि रिक्षा काही थांबत नाहीये. माझ्या पायाचा जरासा आवाज झाला की सगळे बिळात गडप. मग पाच मिनिटं पुतळ्यासारखं बसायचं. गुडघा आखडला तरी.

या सगळ्यावर नजर ठेवून होता एक समुद्र बगळा. राखाडी. थोड्या अंतरावर दुसरा, पांढराशुभ्र, आणि मी आपली समजत होते की या दोन जाती. एकच जात, दोन रंगांत येते. राखाडीवाला पाय थरथरवत पाणी ढवळायचा, थांबायचा, चोच खुपसायचा. तीनदा फुकट गेलं, चौथ्यांदा काहीतरी चमकलं. काठाच्या दगडावरून एक तुतवार, पाण्याकाठचा छोटा पक्षी, शेपटी नाचवत धावत होता, तोही पाहुणाच, त्याचंही बूड आता इथे टेकत नव्हतं. वरून टेकडीच्या झाडीतून तांबट पक्ष्याची टुकटुक चालू, तिचा वैताग येत नाही हे नवल, आणि कोकीळ तर नुसता केकाटत होता. त्याचं बरोबरच आहे, कावळ्यांच्या काड्या गोळा करणं सुरू झालं की याचीही घाई सुरू होणार, घर त्यांचं आणि पोरं याची.

घारींबद्दल वेगळं काय लिहायचं. गावाचं नावच घारापुरी, त्याचा अर्थ जाणकार काय लावायचा तो लावोत. त्यात एक ब्राह्मणी घार होती, विटकरी अंग, पांढरं डोकं, पाण्यावरून मेलेला मासा अशी उचलून नेली की जशी काही तिने ऑर्डर दिली होती.

माकडांचा उल्लेख टाळणार होते पण ती टाळू देतील तर ना. शेजारच्या काकांच्या हातातली कोल्ड्रिंकची बाटली एकाने ओढली, बाजूला जाऊन बूच उघडलं, दोन घोट घेतले आणि काकांकडे बघत तिसरा घेतला. काका म्हणाले, "साठ रुपये गेले." कैरीवाली मावशी हसून म्हणाली, "दादा, त्यांना थंडच लागते, गरम झालेली फेकून देतात." खरंखोटं माकडच जाणे.

तीन तासांनी मंडळी घामाने निथळत उतरली. नागपूरच्या उन्हाचं यांना काही नाही, पण आमच्या चिकचिकीने पार लोळवलं. नणंद म्हणाली, "वहिनी, त्रिमूर्ती काय सुंदर आहे गं! तू इथे कंटाळली असशील." मी म्हटलं, नाही ताई, भरपूर गर्दी होती. नवऱ्याने आजूबाजूला बघितलं, समोर चिखल आणि मी. काही बोलला नाही.

परतीच्या लाँचवर कुरव कमीच होते, दहा-बारा असतील. धाकट्याला मी डोक्यांचं दाखवलं, मेंदीवालं, पूर्ण चॉकलेटी, तीटवालं. त्याने एकेक मोजलं. मग लडाखचं सांगितलं. तो बराच वेळ विचार करत बसला, हातात शेवटचं उरलेलं पाकीट, न फोडलेलं.

"मामी, पण तिकडे यांना गाठ्या कोण देतं?"

नणंद म्हणाली, "आधी ते पाकीट मला दे."