तुम्ही विचारलंत म्हणून: मिर्झा काझम-बेक कोणाचा?

पौर्वात्य विद्येच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलो की प्रश्न ठरलेला असतो: काझम-बेक, एकोणिसाव्या शतकातला पौर्वात्य भाषांचा अध्यापक, झारचा पगारी माणूस, वर ख्रिस्ती झालेला, मग त्याला अझरबैजानी अभ्यासक कसं म्हणता?

आधी 'पगारी'बद्दल. घराणं कॅस्पियन समुद्राकाठच्या दर्बंदचं, जन्म १८०२, रश्तमधला. वडील काझी. रशियन अमलात त्यांच्यावर संशय आला आणि त्यांना अस्त्राखानला हद्दपार केलं. मुलगा त्यांना भेटायला तिथे गेला. अरबी, फारसी, फिक्ह म्हणजे इस्लामी कायदाशास्त्र, या सगळ्यांत तयार झालेला तरुण. स्कॉटिश मिशनऱ्यांशी धर्मावर वाद घालू लागला आणि १८२३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. बाप दुरावला. बहुतेक जण गोष्ट इथेच थांबवतात. पण मिशनऱ्यांबरोबर काम करायची त्याची इच्छा सरकारने चालू दिली नाही. हुकूम निघाला: सैबेरियात, ओम्स्कला जाऊन तातारी शिकव. वाटेत कझानला तो थांबला, तिथेच राहिला आणि १८२६ पासून तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला. बाप गेला, धर्म गेला, स्वतः निवडलेलं कामही गेलं. यातलं विकलं जाणं नेमकं कुठे आहे, ते मला दाखवा.

आता आपल्याकडे बघा. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याचं मराठी व्याकरण १८०५ चं. त्याला भाषा पुरवणारे पंडित वैजनाथ किती जणांना आठवतात? काझम-बेकने तुर्की-तातारी भाषेचं व्याकरण १८३९ मध्ये स्वतःच्या नावावर छापलं, १८४८ मध्ये त्याचं जर्मन भाषांतर निघालं. १८५५ मध्ये पीटर्सबर्गला पौर्वात्य भाषांची विद्याशाखा उघडली, तिचा पहिला डीन तोच. माहिती देणारा माणूस स्वतः अध्यापक झाला, हे मला फार मोठं वाटतं.

पूर्वी मी इथेच थांबायचो. आता थांबवत नाही. त्या विद्याशाखेतून साम्राज्याला अधिकारी आणि दुभाषे मिळत होते, हे त्याला माहीत होतं. कॉकेशसमध्ये रशियाविरुद्ध लढणारा इमाम शामिल शरण आला त्याच १८५९ साली काझम-बेकने शामिलवर लिहिलं, आणि ते ज्या काळात, ज्या राजधानीत लिहिलं गेलं, ते विसरून मला वाचता येत नाही. शिवाय रश्त आज इराणात, दर्बंद रशियात, आणि 'अझरबैजानी' हे लेबल त्याच्या काळात आजच्या अर्थाने नव्हतंच. हेही खरं.

तरीही मी ते लावतो. रशियन म्हटलं की वैजनाथांचं झालं तेच त्याचं होतं. यावर तुमचं समाधान होणार नाही. माझंही पुरतं झालेलं नाही.