सहाशे पिशव्यांची सरकारी बोली : माझा अनुभव

पुण्यात धायरीतल्या आमच्या शिलाई युनिटमध्ये माझ्यासह आठ जणी काम करतो. गेल्या वर्षी शहरातल्या एका केंद्रीय कार्यालयाने कागदपत्रांसाठी 600 कॅनव्हास पिशव्यांची बोली, म्हणजे निविदा, जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर काढली आणि आम्ही पहिल्यांदाच सरकारी खरेदीत उतरलो. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालयांनी व सार्वजनिक उपक्रमांनी वर्षभराच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते, त्यातले 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. सर्व प्रकारच्या पिशव्या तर अशा उद्योगांसाठीच राखून ठेवलेल्या 358 वस्तूंच्या यादीत आहेत. हे वाचून मला वाटले होते की उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला, जोडले की काम झाले.

बोलीचा कागद नीट पाहिल्यावर मात्र अनुभव व उलाढालीच्या अटीतून सवलतीच्या रकान्यापुढे ‘नाही’ असे दिसले. बयाणा रक्कम माफ होती, पण तीन वर्षांचा सरकारी पुरवठ्याचा अनुभव आम्ही कुठून आणणार? शिवाजीनगरच्या जिल्हा उद्योग केंद्रातल्या अधिकाऱ्यांनी सांगितले की ही सवलत देणे खरेदीदाराच्या हातात आहे, पण लेखी मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही. मी धोरणाचा हवाला देऊन, गुणवत्तेच्या सगळ्या अटी पाळू असे लिहून विनंती केली. बोली बंद व्हायच्या चार दिवस आधी शुद्धिपत्रक निघाले आणि त्या रकान्यात ‘होय’ आले.

दर काढताना दोन रात्री गेल्या. रविवार पेठेतून आणलेले कॅनव्हास, चेन, पट्टा आणि दोरा मिळून पिशवीमागे 130 रुपये होत होते. पट्टा जिथे पिशवीला जोडतो तिथे चौकोन करून मध्ये फुली मारायची, हे आम्ही ठरवून टाकले होते, कारण कागदांच्या वजनाने पिशवी फाटते ती तिथेच. त्या फुलीला वेळ लागतो, म्हणून शिलाईचे 45 रुपये धरले. त्यापेक्षा कमी धरले असते तर दिवसाला बारा पिशव्या शिवणाऱ्या बाईच्या हातात किमान वेतनही पडले नसते. शेवटी 231 रुपये भरले आणि आपण हरणार असे मनाशी धरूनच भरले. काम कोण करते हेही पाहून करार करणे पुण्याला खरे तर नवे नाही. महापालिकेने 2008 मध्ये कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी केलेला करार याच शहरातला. पण एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी दर कोणाचा हे ठरवणाऱ्या, तक्त्यात फुलीच्या टाक्यांसाठी रकाना नसतो.

तांत्रिक तपासणीनंतर इतरांची कागदपत्रे पाहता आली. एका बोलीदाराच्या उद्यम प्रमाणपत्रावर मुख्य व्यवसाय ‘व्यापार’ असा स्पष्ट लिहिलेला होता. व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, मात्र ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. खरेदी धोरणाचा लाभ जो स्वतः माल बनवतो त्यालाच. आक्षेप घ्यायला दोनच दिवस होते. मी एका पानात, कोणावर आरोप न करता, प्रमाणपत्रातली ती ओळ दाखवून दिली. ती बोली अपात्र ठरल्याने तिचा दर उघडलाच नाही, त्यामुळे तो किती होता हे मला आजही माहीत नाही. उरलेल्यांत आमचा दर सर्वांत कमी निघाला.

माल मुदतीत पोहोचला. त्रास झाला तो नंतर. जेमच्या नियमांप्रमाणे माल स्वीकारल्याचा दाखला दहा दिवसांत तयार व्हायला हवा आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, पण संबंधित साहेब रजेवर असल्याने दाखलाच अडकला. 1,38,600 रुपयांच्या बिलासाठी मी तीनदा फेरी मारली आणि दोन पगार उसने काढून दिले. अखेर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याच्या कलम 15 व 16 चा उल्लेख करून पत्र दिले : पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असे धरतात, आणि पैसे 45 दिवसांपलीकडे गेले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पत्रानंतर आठव्या दिवशी पैसे जमा झाले. तोवर 61 दिवस उलटले होते.

व्याजाचा हिशेब मी करून ठेवला आहे. लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठी असलेल्या समाधान पोर्टलवर अर्ज करून तो असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे नेता आला असता. त्याच कार्यालयाची पुढची बोली तेव्हा तोंडावर होती, म्हणून तो कागद अजून फाइलमध्येच आहे.