तुम्ही विचारलंत म्हणून: भाऊंनंतर भाऊंचाच मुलगा का?

मोंढ्यातल्या माझ्या बी-बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, एसटी स्टँडवर येतो. मागे पुण्याहून एक पोरगी आली होती, मराठवाड्यातल्या छोट्या पक्षांचा अभ्यास करणारी. तिनंही चहा संपायच्या आत तोच विचारला. "चिटणीस, बावीस वर्षं भाऊंच्या जीपमागं तुम्ही पळलात. भाऊ गेल्यावर पक्षाचा अध्यक्ष मात्र त्यांचा पोरगा. कामून?" पोरीनं अर्थातच 'कामून' म्हटलं नाही, 'घराणेशाहीबद्दल तुमचं मत काय' असं म्हटलं. मतलब तोच.

विचारणाऱ्याकडं उत्तर तयार असतं. घरच्यांनी गादी बळकावली आणि बिचारा चिटणीस कोरडाच राहिला. ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी नुसता हसत आलो. पण पोराला अध्यक्ष करण्याच्या ठरावाचा सूचक मीच होतो.

पक्षाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांना सांगूनही आठवणार नाही, एवढाच आमचा पसारा. परभणी, हिंगोली आणि जालन्याचे दोन तालुके. भाऊ मूळचे शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, कंधारच्या केशवराव धोंडग्यांची भाषणं ऐकत वाढलेले. पुढं त्यांचं बिनसलं आणि १९९४ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली. निवडणूक आयोगाच्या दप्तरी आम्ही 'नोंदणीकृत, अमान्यताप्राप्त'. राज्य पक्षाची मान्यता हवी तर विधानसभेला सहा टक्के मतं आणि दोन आमदार लागतात. दुसरेही निकष आहेत, पण आम्ही एकाच्याही जवळपास फिरकलो नाही. आमची धाव झेडपीचे पाच मेंबर आणि एका पंचायत समितीचं सभापतिपद इथवर. भाऊ दोनदा विधानसभेला उभे राहिले, दोनदा पडले.

भाऊ गेले २०१६ च्या पोळ्यानंतर. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि त्या सप्टेंबरात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तेरवीला मांडव गळत होता. जेवणाच्या पंगती उठतात न उठतात तोच वहिनींनी मला आत बोलावलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या आणि पदराखालून वाण्याकडं असते तसली लांबट लाल वही काढली. पेट्रोल पंप, मंडपवाला, छापखाना, जीपचे थकलेले हप्ते, २०१४ च्या प्रचारातले साउंडवाले. मधेच कुणाच्या बायकोच्या बाळंतपणाला दिलेले पाच हजार, कुणाच्या पोराची इंजिनिअरिंगची फी. दोन सावकार, एकाचं व्याज शेकडा तीन. बेरीज साडेअकरा लाखांच्या वर. अक्षर भाऊंचंच, शेवटची नोंद महिनाभरापूर्वीची.

"हे पक्षाचं हाय का घरचं, तुमीच सांगा भाऊजी."

मला सांगता येईना. साउंडवाला पक्षाचा म्हणावा, पण हमी भाऊंची होती. बाळंतपण घरचं म्हणावं, तर ती बाई आमच्या बूथप्रमुखाची बायको. भाऊंनी त्यात कधी रेघ मारली नव्हती, आणि आम्हीही मारा म्हटलं नव्हतं, कारण बिलं परस्पर भागत होती.

दुसऱ्या दिवशी वाड्यावर बैठक. सतरंजीवर चाळीसेक जण. हिंगोलीचे जिल्हाध्यक्ष उभे राहिले, पक्ष तळागाळातल्या कार्यकर्त्याचा आहे वगैरे अर्धा तास बोलले. बोलले ते खरंच होतं. माजी सभापतींनी आपण ज्येष्ठ असल्याची आठवण करून दिली. मागच्या बाजूनं दोघा-तिघांनी माझं नाव घेतलं. मी उठलो आणि ती लाल वही सतरंजीवर मधोमध ठेवली. म्हटलं, अध्यक्ष जो होईल त्यानं ही पण घ्यायची.

हिंगोलीचे म्हणाले, याचा आणि अध्यक्षपदाचा संबंध काय? सभापतींना नेमका तेव्हाच फोन आला. बोलत बोलत ते बाहेर गेले आणि पावसातही ओसरीच्या पत्र्याखालीच थांबले. आणि मी? माझं दुकान बँकेच्या कॅश क्रेडिटवर चालतं, त्या वर्षी पोरीचं लग्न ठरलेलं. मी वही ठेवली तेवढ्या तोऱ्यात उचलू शकलो नाही. भाऊंचा मुलगा तेव्हा चाकणला एका कंपनीत होता, सुपरवायझर. तोवर कोपऱ्यात पाण्याचे ग्लास भरत होता. तो म्हणाला, "वावर हाय. फेडतो मी." मग मी त्याचं नाव सुचवलं. अनुमोदन हिंगोलीच्याच जिल्हाध्यक्षांनी दिलं, तेही टाळ्या वाजवून.

हे मी आजवर विचारणाऱ्यांना सांगत आलो, आणि लोक मान डोलावतात. पण यात निम्मंच उत्तर आहे. उरलेलं निम्मं माझ्या दुकानात वजनकाट्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये असायचं, ते म्हणजे पक्षाचं इतिवृत्त.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-क खाली पक्ष नोंदवायचा तर पक्षाची घटना द्यावी लागते. आमचीही आहे, गुलाबी कव्हरची. दर तीन वर्षांनी सर्वसाधारण सभेतून अध्यक्षाची निवड, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय, माझ्याच मसुद्यातून. १९९५ पासून २०१३ पर्यंत सात निवडी झाल्या. सातही इतिवृत्तं माझ्या अक्षरात. 'सर्वानुमते', 'एकमताने', 'टाळ्यांच्या गजरात'. यातली एकही सभा भरली नाही. संध्याकाळी खताची गाडी उतरवून झाली की मी काट्याच्या टेबलावर बसून सभा लिहायचो, वेळ 'सकाळी ठीक ११ वाजता' टाकायचो, मग महिनाभर सह्या गोळा करायचो. कुणी बाजारात सही केली, कुणी शेताच्या बांधावर. एका सदस्यानं विचारलंही होतं, "चिटणीस, मी काय बोललो सभेत?" मी म्हणालो, तुम्ही अनुमोदन दिलं. तो खूश झाला.

भाऊंनी मला तसं करायला सांगितलं होतं का? नाही. त्यांनी विचारलंच नाही कधी. मलाच ते सोपं वाटायचं. सभा घ्यायची म्हणजे जेवण, गाडीभाडं, आणि उगाच कुणीतरी उभं राहायचं.

२००९ च्या पराभवानंतर भाऊ एकदा खरंच म्हणाले होते, आता मला मोकळं करा, नवा माणूस बघा. जिंतूर रोडवरच्या मंगल कार्यालयात. आम्ही ओरडलो, दोघं रडले, एकानं अंगावर रॉकेल ओतून घेईन म्हणून धमकी दिली. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. पुढं २ मे २०२३ ला मुंबईत शरद पवारांनी अध्यक्षपद सोडतो म्हटल्यावर सभागृहात काय झालं ते मी दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं. तीन दिवसांनी त्यांनी राजीनामा मागं घेतला. पक्ष केवढा मोठा आणि आमचा केवढा, पण समोर बसलेल्यांचे चेहरे मला ओळखीचे वाटले.

म्हणून मला घराणेशाहीची सगळी शिवी घरावर टाकणं पटत नाही. मराठवाड्याशेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याला गणपतराव देशमुख, शेकापचे, अकरा वेळा आमदार. माणूस इतका साधा की विरोधकही नाव आदरानं घेतात. २०१९ ला ते थांबले तेव्हा पक्षानं आधी घराबाहेरच्याच माणसाचं नाव पुढं केलं होतं. अडून बसले ते कार्यकर्ते. मग नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. बीडला विनायक मेटे ऑगस्ट २०२२ मध्ये अपघातात गेले, आणि त्यांच्या शिवसंग्रामची माणसं त्यांच्या पत्नी ज्योतीताईंकडंच गेली. जाणार कुठं? सांत्वनाला ज्या घरी जायचं, मागणीही त्याच घरी न्यायची सवय.

घर टाळून सामुदायिक नेतृत्व करून पाहिलेले लोकही आपल्याकडंच आहेत. बाबासाहेबांच्या माघारी ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला तो एका माणसाच्या नावावर नाही, अध्यक्षीय मंडळ करून. दोन वर्षांत पहिली फूट पडली. १९९८ ला त्याच नावाचे चार खासदार एकदम लोकसभेत गेले, आणि पुढं चौघांचे चार गट. त्या चौघांना कमी लेखायचं नाही मला. मतभेद झाले तर मोजायचे कसे, याची रीत घडली नाही की प्रत्येक जण आपापली सतरंजी उचलतो, एवढंच म्हणायचंय.

मोठ्या पक्षांना निदान मोजणारा असतो. शिवसेनेचा निकाल १७ फेब्रुवारी २०२३ ला लागला तो आमदार-खासदारांची बेरीज धरून. आमच्याकडं मोजायला आमदारच नाही. शिवाय चिन्हांच्या १९६८ च्या आदेशातला तो गाजलेला, फुटीनंतर चिन्ह कुणाचं ते ठरवणारा पंधरावा परिच्छेद फक्त मान्यताप्राप्त पक्षांसाठी. आमच्यात भांडण झालं तर दिवाणी कोर्टात तारखा घेत बसायचं, आणि तोवर पक्ष कुणाचा? ज्याच्याकडं आयोगाचं पत्र, शिक्का आणि पावतीपुस्तकं असलेली पेटी, त्याचा. पेटी भाऊंच्या पलंगाखाली होती.

तर पोरगा अध्यक्ष झाला आणि मला वाटलं तेवढं काही वाईट झालं नाही. त्यानं प्लॉट विकला, इसार आला, आणि ८ नोव्हेंबरला नोटबंदी. दोन वर्षं दारात बसणारे घेणेकरी हात जोडून म्हणू लागले, "राहू द्या दादा, निवांत द्या, नव्या नोटा आल्यावर." त्या महिन्याभरात वाड्याला कधी नव्हे ती शांतता लाभली.

मग २०१७ ची झेडपी आली. पक्षाची उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मवर अध्यक्षाची सही शाईची लागते, रबरी शिक्का चालत नाही, आणि तीनच्या आत कागद टेबलावर पाहिजे. भाऊंची सही आम्हाला झोपेत ओळखू यायची. नव्या अध्यक्षाची सही प्रत्येक फॉर्मवर वेगळी. कंपनीत तो हजेरीला अंगठा लावायचा, मशीनवर. सही करायची वेळच कधी फार आली नव्हती. आदल्या रात्री दुकानात बसवून मी त्याच्याकडून रद्दी बिलांच्या पाठीमागं शंभर-दीडशे सह्या करून घेतल्या. साठाव्या सहीनंतर ती थोडी भाऊंच्या सहीसारखी दिसायला लागली. तो थांबला आणि म्हणाला, "काका, आता माझी करू द्या." त्यातली एक जागा आम्ही जिंकलो. एकच जिंकलो.

वही २०२१ ला फिटली. शेवटचा सावकार आला तेव्हा वहिनींनी त्याला पोहे खाऊ घातले. त्यानं स्वतःच्या हातानं आपल्या नावावर काट मारली.

आता पद रिकामं करण्याचं कोणी म्हणत नाही, कारण घ्यायला काही उरलं नाही असं लोकांना वाटतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगानं सहा वर्षं एकही निवडणूक न लढलेले ३३४ पक्ष यादीतून काढले. आम्ही बचावलो, कारण २०२४ ला एका ठिकाणी अनामत घालवून उभे होतो. दादाला दोन मोठ्या पक्षांचे निरोप येतात, विलीन व्हा म्हणून. मला विचारतो. मी म्हणतो, विचारायचं तर सदस्यांना विचार, मी एकटा म्हणजे पक्ष नव्हे. बोलून जातो, मग ड्रॉवर आठवतो.

मागच्या महिन्यात तो दुकानात आला. इतिवृत्ताची वही काढून काट्याशेजारी ठेवली आणि म्हणाला, "काका, तीन वर्षं होऊन गेली. तेवढी निवड लिहून टाका." मी पेन काढलं, तारीख टाकली, 'सकाळी ठीक ११ वाजता' लिहिलं आणि थांबलो. म्हटलं, एकदा खरंच घे सभा. कुणी तुझ्याविरुद्ध उभं राहिलं तर चिठ्ठ्या टाकू, मी मोजतो. तो म्हणाला, कोण येणार?

मी यादी घेऊन फोन लावायला बसलो. आतापर्यंत नऊ जणांना लागले. चौघांनी विचारलं, जेवण आहे का. हिंगोलीच्या जिल्हाध्यक्षांनी विचारलं, अध्यक्षाबरोबर यंदा काही वही-बिही घ्यायची आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग येतो.