परदेशातल्या उपचारांसाठी पैसा: आधी इस्टिमेट, मग अपील

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी "हे इथं होत नाही, बाहेर न्यावं लागेल" म्हटलं की त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर अपील फिरायला लागतं. त्यातला दोन कोटींचा आकडा कुणाच्या तरी अंदाजाचा असतो. मोठी रक्कम देणारा मात्र आधी रुग्णालयाचं इस्टिमेट, म्हणजे खर्चाचा लेखी अंदाजच मागतो आणि तिथंच गाडी अडते.

म्हणून परदेशी रुग्णालयाच्या इंटरनॅशनल पेशंट विभागाला पहिला मेल. सोबत डिस्चार्ज समरी, बायोप्सी रिपोर्ट आणि सीटी-एमआरआयच्या मूळ डायकॉम फाइल्स (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स). फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका, त्यावर कुणी मत देत नाही आणि चार-पाच दिवस फुकट जातात. इस्टिमेट लेटरहेडवर, बाबवार हवं: सर्जन, ओटी (ऑपरेशन थिएटर), आयसीयूचा रोजचा दर, इम्प्लांट, डिपॉझिट, कधीपर्यंत वैध, आणि यात काय धरलेलं नाही. शेवटचा मुद्दा लोक विचारतच नाहीत. हिशेब बिघडतो तो आयसीयूच्या दिवसांनी. दहा धरलेले असतात, होतात अठरा. गुंतागुंत झाली तर किती, हे लेखी मागा. वर 15-20 टक्के धरा. राहणं-खाणं आणि डॉलरचा चढता भाव वेगळा.

त्याच वेळी डॉक्टरांना विचारा: रुग्णाला न्यायचं की औषध इथं आणायचं? परदेशातलं औषध स्वतःच्या वापरासाठी आणायला फॉर्म 12ए भरून 12बी परवाना मिळतो. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात नोंदलेला आजार असेल, तर ठरावीक केंद्रांमार्फत 50 लाखांपर्यंत मदत मिळते. आपल्या राज्यात असं केंद्र मुंबईचं केईएम रुग्णालय आहे.

मुख्यमंत्री सहायता निधीची मदत राज्यातल्या संलग्न रुग्णालयांतल्या उपचारांसाठी असते. परदेशी बिलासाठी तिथल्या फेऱ्यांत दिवस घालवू नका. साध्या मेडिक्लेममध्येही परदेशातले उपचार बहुधा नसतात. ते कलम एकदा वाचून घ्या, बस.

लोकवर्गणी शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात जाईल अशी व्यवस्था करा, किंवा नोंदणीकृत ट्रस्टमार्फत घ्या. भाच्याच्या यूपीआयवर पैसे घेतले की देणाऱ्याला संशय येतो, आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50 हजारांवर आलेली रक्कम करपात्र ठरू शकते. आधी सीएला विचारा. अपीलवर तारीख, लागणारी रक्कम आणि जमलेली रक्कम टाका. तारीख नसलेली पोस्ट काम झाल्यावरही वर्षभर फिरत राहते.

आता बँक. महाल भागातल्या लहान शाखेत ए2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) मागितला तर समोरचा चेहरा बघत बसतो. किंग्जवे किंवा सिव्हिल लाईन्सच्या परकीय चलन पाहणाऱ्या शाखेत जा. एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला 2,50,000 डॉलर पाठवता येतात. उपचारांसाठी त्याहून जास्तही जातात, पण पुन्हा तेच इस्टिमेट लागतं. पैसे कशासाठी ते सांगणारा पर्पज कोड एस0304. 10 लाखांवरच्या रकमेला टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल केलेला कर लागतो. तो आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, पण आज खिशातून जातोच, म्हणून तेवढे पैसे बाजूला ठेवा. शुल्काच्या रकान्यात 'ओयूआर' (OUR, सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे) लिहा. 'एसएचए' (SHA, शुल्क दोघांत वाटून) लिहिलं तर मधली बँक आपला वाटा कापून घेते, रुग्णालयाला रक्कम कमी पोहोचते आणि डिपॉझिट अपुरं म्हणून ऑपरेशनची तारीख अडकते. तपशिलाच्या ओळीत रुग्णाचं पासपोर्टवरचं नाव आणि रुग्णालयाने दिलेला पेशंट नंबर हवाच. नाहीतर पैसे तिथं पोहोचूनही कुणाचे ते कळत नाही.

डिपॉझिटची पावती व्हिसाच्या फाइलला लावा. वकिलातीला खर्चाची सोय दाखवावी लागते. रक्कम उरली तर रुग्णालय बहुधा ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत पाठवतं. ते खातं उपचार संपेपर्यंत बंद करू नका, आणि उरलेल्या पैशांचं काय करणार ते अपीलमध्येच लिहून ठेवा.