क्रूझच्या केबिनमधलं चार्जिंग : सांगलीहून निघण्याआधीच ठरवा

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर घरच्यांसोबत जाऊन आलो. पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर असा मार्ग होता. जेवणाबद्दल आणि समुद्राबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी ते सोडून देतो. आता आमच्या ओळखीतली पुढची मंडळी निघायच्या तयारीत आहेत आणि जो तो एकच विचारतोय, केबिनमध्ये फोन चार्ज कुठं करायचे? प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या महापुरात लाईट गेल्यावर उरलेल्या चार-पाच टक्क्यांत बोटीसाठी फोन करायचा की मिरजेच्या पाहुण्यांना कळवायचं, हा हिशेब सांगलीत घरोघरी झालाय. बंद पडलेल्या फोनची किंमत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शिवाय आमच्यासोबत अण्णा होते. ते रात्री सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र, लावून झोपतात. आत्याची दोन्ही श्रवणयंत्रं चार्जिंगवर चालणारी. त्यामुळे आमच्यासाठी चार्जिंग हा औषधपाण्याइतकाच महत्त्वाचा विषय होता.

सुरुवात घरापासूनच होते. आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो. ही गाडी सांगलीत रात्री येते आणि रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचा रेल्वेचा नियम आहे. तेव्हा फोन आणि पॉवर बँक घरूनच भरून घ्या. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॅट-अवरची. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवर भरते, म्हणजे चिंता नाही. फक्त तिच्यावरचे आकडे पुसलेले नसावेत. सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आहे, आणि इतरही कंपन्या त्याच वाटेनं चालल्यात. म्हणून प्रवासात तिच्या भरवशावर राहू नका.

बंदरावर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते. चार्जर, केबल, मशीन, गोळ्या सगळं हातातल्या बॅगेत हवं ते यासाठी. आमच्यातल्या तासगावच्या काकांची बॅग तर जेवणाची वेळ झाली तरी आली नव्हती. शेवटी त्यांना खालच्या डेकवर सिक्युरिटीच्या खोलीत बोलावलं. इंग्रजी बोलायला म्हणून माझा भाचा सोबत गेला, मीही गेलो. टेबलावर बॅग उघडली. वर भडंगाचे पुडे होते, त्यांना कुणी हात लावला नाही. खाली टॉवेलात गुंडाळलेला स्पाइक गार्ड, म्हणजे व्होल्टेज अचानक वाढलं तर वस्तू वाचवणारा बोर्ड, निघाला. अधिकाऱ्यानं तो बाजूला काढला, त्याला केबिन नंबरची चिठ्ठी बांधली आणि पावती दिली. शेवटच्या दिवशी उतरताना परत मिळेल, म्हणाला.

काकांना ते लागलं. "अरे, संरक्षणासाठीच तर आणलाय. ह्यात वाईट काय?" भाचा वालचंद कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकतो. लिफ्टसमोर उभं राहून त्यानं नीट समजावलं. "काका, आपल्या घरी दोन तारांतली एक फेज आणि दुसरी न्यूट्रल. न्यूट्रल तिकडं डीपीपाशीच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच, जमिनीला जोडून अर्थिंग केलेला असतो. म्हणून टेस्टर एकाच भोकात पेटतो. बोटीवर साधारणपणे तसं नसतं. एखादी तार कुठं बॉडीला लागली तरी अख्ख्या बोटीची लाईट जाऊ नये, म्हणून दोन्ही तारा लोखंडापासून सुट्या ठेवतात. म्हणजे दोन्ही जिवंत. तुमच्या स्पाइक गार्डमध्ये तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक पार्ट असतो. बोटीत दुसरीकडं कुठं फॉल्ट झाला, तर त्या पार्टवर जास्तीचा दाब येतो आणि तो तापत राहतो. आणि बटण बंद केलं तरी एकच तार तुटते, दुसरी चालूच." काका वायरिंगमधले जाणकार, शेतावरची मोटर स्वतः बघतात. टेस्टरची गोष्ट ऐकल्यावर त्यांना लगेच पटलं.

अमेरिकेच्या तटरक्षक दलानं २०१३ मध्ये याच कारणासाठी स्पाइक गार्डबद्दल धोक्याची सूचना काढली होती. समुद्रात आग लागली तर बाहेर पळायला जागा नसते, त्यामुळे या बाबतीत कुणी गय करत नाही आणि करूही नये. साधा एक्स्टेंशन बोर्डही बऱ्याच कंपन्या आता नेऊ देत नाहीत. तिकिटासोबत निषिद्ध वस्तूंची यादी येते, ती एकदा शांतपणे वाचा. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, पाण्यात टाकायची कॉइल, खिचडीसाठीचा छोटा कुकर, हे सगळं घरीच ठेवा. गरम पाणी आणि चहा बुफेवर मिळतो.

आता प्रत्यक्ष केबिन. आरशाखालच्या टेबलापाशी तीन सॉकेट होते. दोन अमेरिकन, चपट्या दोन पिनांचे, ११० व्होल्टचे. एक युरोपियन, गोल खड्ड्यात दोन गोल भोकं असलेला, २२० व्होल्टचा. पलंगाजवळच्या दिव्याखाली एक यूएसबी होता, पण फार हळू चार्ज करणारा. रात्रभर एक फोन लावायला ठीक. आपल्या फोनच्या चार्जरच्या दोन गोल पिना युरोपियन सॉकेटमध्ये जातात. अडचण होते ती खड्ड्याची. आपला चौकोनी, जाडजूड चार्जर कडेला अडतो, पिना अर्ध्याच आत जातात आणि बोटीच्या हलण्यानं तो सैल होतो. सकाळी उठून बघावं तर फोन सतरा टक्क्यांवर. चपट्या पिनांचा छोटा कन्व्हर्टर घेतला तर अमेरिकन सॉकेटही वापरता येतात आणि तिथं हा त्रास नाही. तो सांगलीत हरभट रोडवर सहज मिळतो.

कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. चार्जरवर बारीक अक्षरात 'इनपुट १००-२४०' लिहिलेलं असेल तर तो दोन्हीकडं चालतो. फोन, लॅपटॉप, कॅमेरा यांचे जवळपास सगळे चार्जर तसेच असतात. नुसतं '२३०' किंवा '२२०-२४०' लिहिलं असेल तर ती वस्तू अमेरिकन सॉकेटला लावू नका. लॅपटॉपची आपली तीन जाड पिनांची वायर दोन्हींत जात नाही. तिच्याऐवजी दोन पिनांची वायर वेगळी मिळते, ती आधीच घ्या.

माझ्या मते सगळ्यात कामाची खरेदी म्हणजे तीन-चार तोंडांचा एकच चांगला यूएसबी चार्जर, ६५ वॅटचा. त्यात लॅपटॉप आणि फोन एकाच वेळी लागतात, एकच सॉकेट अडतो आणि बोर्डची गरजच उरत नाही. यादीत यूएसबी चार्जरला मनाई नाही ना, तेवढं पाहून घ्या. चांगल्या कंपनीचाच घ्या, इथं शंभर-दोनशे रुपये वाचवू नका. केबल मात्र दोन मीटरच्या हव्यात, कारण टेबल एकीकडं आणि पलंग दुसरीकडं. उशीखाली किंवा गादीवर ठेवून फोन चार्ज करू नका, टेबलावरच ठेवा.

अण्णांच्या मशीनचं सांगतो, कारण मिरजेच्या डॉक्टरांकडून असं मशीन घेतलेली बरीच मंडळी केवळ या काळजीनं प्रवास टाळतात. टाळू नका. बुकिंग झालं की विशेष गरजांचा फॉर्म भरून कळवा : सीपॅप आहे, पलंगापर्यंत वायर लागेल, डिस्टिल्ड वॉटर लागेल. आम्ही कळवलं होतं. पहिल्याच संध्याकाळी केबिनची व्यवस्था बघणारा मुलगा बोटीचीच, शिक्का मारलेली लांब वायर आणि पाण्याचा कॅन घेऊन आला. पलंग किंचित पुढं ओढून त्यानं मागचा सॉकेट दाखवला, वायर पायात येणार नाही अशी भिंतीकडेनं नेली, आणि मशीन चालू झाल्याचं बघूनच गेला. अण्णा त्या रात्री घरच्यासारखे झोपले.

आत्याच्या श्रवणयंत्रांची डबी यूएसबीवर चालते, ती दिव्याखाली लागली. बाथरूममध्ये आरशाजवळ एक सॉकेट दिसेल. तो दाढीच्या मशीनसाठीच असतो, त्याला दुसरं काही लावू नका.

दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्यावर केबिनचे दिवे लागतात. काही बोटींत कार्ड काढलं की सॉकेटही बंद होतात. आमच्याकडं फक्त दिवे गेले. गेल्या गेल्या फोन चार्जिंगला लावून कार्ड काढून बघा, म्हणजे दिवसभर बाहेर फिरून आल्यावर रिकामी बॅटरी हाती यायची नाही.

चार्जिंग टिकवायचं असेल तर बोट सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाका आणि नुसतं वायफाय चालू ठेवा. चारी बाजूंनी लोखंड असल्यामुळे फोन नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी खातो. त्याहून वाईट म्हणजे तो बोटीच्या उपग्रहावरच्या नेटवर्कला जोडला जातो. त्याचे दर भयंकर असतात आणि आपलं सिंगापूरचं रोमिंग पॅक सहसा तिथं लागू होत नाही. बोटीचं ॲप साध्या वायफायवर चालतं, त्याला इंटरनेटचं पॅकेज लागत नाही. आणखी एक, थायलंडमधल्या फुकेतची वेळ सिंगापूरच्या एक तास मागं आहे. फोनमधली आपोआप बदलणारी वेळ बंद करून बोटीच्या घड्याळाप्रमाणे लावा, नाहीतर फुकेतला उतरून परत यायच्या वेळेत घोळ होतो.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात. चार्जर आणि केबल त्यात भरू नका. सकाळी निघताना पलंगामागचा सॉकेट आणि दिव्याखालचा यूएसबी हात घालून तपासा. आणि सिंगापूरला हॉटेलात मुक्काम असेल तर तिथले सॉकेट वेगळेच, तीन चौकोनी पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्याचा कन्व्हर्टर वरच्याच कप्प्यात असू द्या.