रीफ बे: बोटीत नाव नसेल तर खाली उतरू नका

आधी मुद्द्याचं सांगतो. परतीच्या बोटीत जागा राखलेली नसेल, तर कॅरिबियनमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या सेंट जॉन बेटावरच्या रीफ बे ट्रेलला उशिरा उतरू नका. आम्ही साडेदहाला उतरलो. "सगळा उतारच आहे, खाली बोट घ्यायला येते," असं आदल्या रात्री एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. बोट येते, खोटं नाही. पण ती फक्त गाईडबरोबरच्या, आधी पैसे भरलेल्या ग्रुपसाठी. आमच्या डोळ्यांदेखत ते लोक बसून गेले आणि मी न् माझा आतेभाऊ किनाऱ्यावर उरलेलं अर्धा लिटर पाणी मोजत उभे.

सेंटरलाइन रोडपासून खाली साडेतीन किलोमीटर, उतार साधारण 900 फूट. आकडा ऐकून हसू नका, मीही हसलो होतो. सिंहगड आम्ही गप्पा मारत चढतो आणि हा त्याच्या निम्माही नाही. पण दुपारी एक वाजता, वाऱ्याची झुळूक नसलेल्या त्या दमट झाडीत पाठीला शर्ट चिकटतो, डास कानाशी असतात आणि दर वळणावर वाटतं की हा शेवटचा. नसतो. वर यायला दोन तास लागले. माणशी तीन लिटर पाणी घ्या, खाली प्यायचं पाणी मिळत नाही.

तरी जावं का? जावं. खालच्या जुन्या, पडक्या साखर कारखान्यासाठी जावं.

वाटेत इथल्या मूळच्या ताइनो लोकांनी डोहाकाठच्या कातळावर कोरलेली चित्रं आहेत, फाट्यावरून दहा मिनिटांत बघून होतात. खरी गंमत खाली आहे. आधी घोडे जुंपून घाणा फिरवायचे, तो गोल चौथरा दिसतो. मग 1860च्या दशकात इथे वाफेचं इंजिन आलं, ग्लासगोच्या मॅकओनी कंपनीचं. गंजलेलं चाक आणि ऊस पिळायचे रूळ अजून जागेवर आहेत. माझं आजोळ कोल्हापूरकडचं, त्यामुळे बाकीचं कोणी समजावायला लागलं नाही. फरक एवढाच, की आपल्या गुऱ्हाळात मोठी एक काहील असते, इथे लहान-मोठ्या कढया एका रांगेत. रस एकीतून दुसरीत ओतत, आटवत न्यायचा आणि खालच्या चुलवाणात चिपाडं जाळायची. मळीची रम व्हायची. आपल्याकडे गुळव्याला मान असतो. इथे इंजिन यायच्या आधीच्या काळात ते काम गुलामांनी केलं, रात्रंदिवस. 1733 मध्ये याच बेटावर त्यांनी उठाव केला, डॅनिश राजवटीत सुटका झाली ती 1848 मध्ये.

ज्यांना चढ नको, त्यांनी सरळ ॲनाबर्गला जा, तिथेही जुन्या साखर कारखान्याचे अवशेष आहेत. गाडी जवळपर्यंत जाते. पवनचक्कीचा भक्कम दगडी मनोरा आहे आणि समोर खाडीपलीकडे टॉर्टोला बेट. तिथे ब्रिटिशांनी 1834 मध्ये गुलामगिरी बंद केली, त्यामुळे इथून जीव धोक्यात घालून लोक तिकडे पळत. मनोऱ्यापाशी उभं राहिलं की अंतर किती कमी आहे ते कळतं.

इथल्या भिंतीपाशी जरा थांबा. डोंगरातला दगड, जहाजातून आलेली पिवळी डॅनिश वीट आणि मध्येच पोवळ्याचा ठोकळा, मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी असलेला. चुनाही शंख-शिंपले आणि पोवळी भाजून केलेला. मी बोट लावलं तर भुकटी बोटाला आली. तेव्हा हात लावू नका, आणि फोटोसाठी भिंतीवर तर चढूच नका. एक कुटुंब चढलं होतं, मी बोललो, त्यांना राग आला. येऊ दे. आम्ही रविवारी गडांवर भिंतीतली पिंपळाची रोपं काढायला जातो, म्हणून माहीत आहे: मूळ एकदा सांध्यात शिरलं की दगड सुटतो. आणि अशा भिंतीला सिमेंट फासलं की ओल आत कोंडते आणि दगडच फुटायला लागतो. इथे पडकं नव्याने बांधत नाहीत, आहे ते धरून ठेवतात. मला हेच पटतं. 2017 च्या इर्मा वादळानंतर बेटाची जी दशा झाली, ती पाहता एवढं उभं आहे हेच पुष्कळ.

आता टॅक्सी. दर सरकारने ठरवलेले असतात आणि ते माणशी असतात, गाडीचे नाहीत. आमच्याकडून एकाने घामाघूम चेहरे बघून दुप्पट घेतले आणि आम्ही दिले, कारण उभं राहायची ताकद नव्हती. बसायच्या आधी दरपत्रक दाखवायला सांगा. स्वतः गाडी घेणार असाल तर डावीकडून चालवायची, पण स्टिअरिंगही डावीकडेच.

किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं दिसली तर उचलू नका. ते मॅन्चिनील, जहाल विषारी. पाऊस आला तरी त्या झाडाखाली उभं राहायचं नाही, पानावरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते.

आणि अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनो, "देशांतर्गत विमान आहे" म्हणून पासपोर्ट घरी ठेवू नका. परतताना शेजारच्या सेंट थॉमस बेटाच्या विमानतळावर कागद तपासतात.